निळ्या कॅनमधला मोगरा

सकाळी सहा वाजून वीस मिनिटांनी कंपनीची बस फाट्यावर येई. रविराज जेवणाचा डबा घेऊन निघे. त्याची बायको अंजना दारात सडा टाकी आणि उरलेले तांब्याभर पाणी माझ्या बुंध्याशी ओती. ते पाणी क्षणभर वर थांबे आणि कडेकडेने खाली निघून जाई. मुळांची टोके तेवढी ओली होत. सात वर्षे माझी प्रत्येक सकाळ अशीच उजाडली.

मित्रांनो, मी एक जुना मोगरा आहे. दौंड तालुक्यातल्या राहू गावी न्हाणीच्या सांडपाण्यावर मी वाढलो. रविराजची आई कुशाबाई हिने मला लावले होते. वैशाखात माझी पहिली ओंजळ बिरोबाला जाई, मग आळीतल्या बायकांना.

रविराज रांजणगावच्या कारखान्यात लागला. १९९७ साली तिथे गुंठाभर जागेत दोन खोल्या उभ्या राहिल्या आणि राहूच्या घराला कुलूप लागले. निघताना कुशाबाईने मला खणून काढले. रविराजने आणलेल्या निळ्या प्लास्टिकच्या कॅनचे तोंड कापले, तापल्या सळईने तळाला दोन भोके पाडली आणि मला आत बसवले.

नव्या दारापुढे खड्डा खणला गेला, तेव्हा मी सुखावलो. पण कुशाबाईने मला कॅनसकट पुरले.

"दोन-चार वर्सांनी माघारी जायचंय," ती सुनेला म्हणाली. "तवा आसंच उचलून नेता येईल."

त्या दिवसापासून मी जमिनीत होतो आणि जमीन मला शिवत नव्हती. माझी मुळे वाट शोधत त्या निळ्या भिंतीला धडकत, वळत, पुन्हा तिथेच येत. पाने पिवळी पडली. कळ्या मिरीएवढ्या होऊन गळू लागल्या. अंजनाने ताक घातले, राख घातली. तरी सासूचे बोलणे चुकले नाही. तुझ्या हातालाच गुण न्हाई, असे ती येताजाता ऐकवी. शेवटी रविराजने सांगून टाकले, की पाडव्यानंतर हे खोड उपटून तिथे मोटारसायकल लावायची.

माघातल्या एका दुपारी अंजना खुरपे घेऊन बसली. खुरप्याचे टोक आत शिरेना.

"आत्या, आत माती उरलीच न्हाई. मुळंच मुळांला आवळत्यात. कॅन काढावा लागंल."

"कॅन काढल्यावर न्यायचं कसं?"

अंजनाने मान वर केली नाही. "कवा न्यायचंय, आत्या?"

कुशाबाईचा हात कमरेकडे गेला. कमरेच्या पिशवीत राहूच्या घराची किल्ली असे. ती चाचपत दिवेलागणीपर्यंत ओट्यावर बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी बस गेल्यावर तिने स्वतः कुदळ घेतली. कडेची माती काढून दोघींनी कॅन उचलू पाहिला, पण तो हलेना. तळाच्या भोकांतून माझी दोन मुळे पिळवटत बाहेर पडली होती आणि खालच्या काळ्या मातीत शिरली होती.

कुशाबाई वाकून बघत राहिली. "ह्यो तर कवाच हितला झालाय," ती म्हणाली. मग तिने करवतीचे पाते मागितले आणि कॅन वरपासून खालपर्यंत चिरला.

गुंतलेली मुळे तिने बोटांनी मोकळी केली, कुजलेली छाटली. फांद्या वीतभर ठेवल्या, शेणखत घातले, वर गोणपाटाची सावली केली. आठ दिवस माझी उरलीसुरली पाने गळत होती. सगळे संपले असेच मला वाटले. तिसऱ्या आठवड्यात एका पेरावर हिरवा ठिपका दिसला.

मित्रांनो, झाड सुकू लागले म्हणून नुसते पाणी वाढवू नका. एकदा मुळाशी हात घालून पाहा. त्याला कशात कोंडले आहे, ते वरून दिसत नाही.

वैशाखात मला सात कळ्या आल्या. त्याच आठवड्यात कुशाबाईचा दीर म्हाळू राहूहून आला होता. तो निघाला तेव्हा तिने कळ्या पानात बांधून बिरोबासाठी दिल्या आणि त्यांवर किल्ली ठेवली.

"कुणाला तरी ऱ्हायला द्या, भावजी. बंद घर खराब व्हतंय."

तो गेला. कुशाबाईने खुरपे उचलले आणि न्हाणीच्या पाण्याचा पाट माझ्याकडे वळवला.