गुळगुळीत

तो शिल्पकार होता. पहिल्या प्रदर्शनानंतर लोक त्याच्याबद्दल चांगलं बोलले, पण विकलं मात्र काहीच गेलं नाही. पुढची वर्षं बायकोच्या पगारावर निघाली. मुलगी झाली तेव्हा मेहुण्याने त्याला एका कारखान्यात चिकटवून दिलं. तिथे कपड्यांच्या दुकानांत उभे करायचे पुतळे बनत.

"थोडे दिवस कर," मेहुणा म्हणाला. "हातातली कला काय पळून जातेय?"

मालकाचं म्हणणं साधं होतं. गिऱ्हाईक पुतळ्याच्या तोंडाकडे बघत बसलं तर कपड्याकडे कोण बघणार? म्हणून नाक, पापण्या, ओठ, सगळं घासून गुळगुळीत करायचं. सुरुवातीला ते त्याच्या अगदी जिवावर यायचं. मग अंगवळणी पडलं. मुलगी शाळेत जायला लागली तोवर कारखान्यातले बहुतेक साचे त्याच्याच हातचे होते.

अशात कॉलेजच्या मित्राचा फोन आला. जुन्या मंडळींचं प्रदर्शन होतं, प्रत्येकाचं एकेक काम. त्याच्या अंगात वारं भरलं. बायकोचाच चेहरा करायचा, असं त्याने ठरवलं. रोज संध्याकाळी ती भाजी निवडत बसायची, समोर तो माती घेऊन. मुलीला आवाज करायची बंदी. इतका खुशीत तो कित्येक वर्षांत दिसला नव्हता.

काम पुरं झालं तेव्हा त्याने मातीवरचं ओलं फडकं काढलं. बायको बराच वेळ बघत राहिली.

"छान आहे," ती म्हणाली. "पण ही कोण?"

"म्हणजे?"

"माझ्या भुवईवर व्रण आहे, तो नाही. डावा डोळा बारीक आहे माझा. आणि डोळ्यांखालच्या सुरकुत्या कुठे गेल्या?"

त्याने मुद्दाम काही गाळलं नव्हतं. बोटांनीच परस्पर घासून टाकलं होतं. कोरणी घेऊन त्याने व्रण काढून बघितला, तर माती तडकल्यासारखी दिसली. पुन्हा काढला, तरी तेच. शेवटी त्याने सगळा चेहरा मोडून माती बादलीत टाकली आणि मित्राला कळवलं, या वेळी जमत नाही.

प्रदर्शन बघायला मात्र दोघं गेले. मित्राने त्याच्या पाठीवर थाप मारून सगळ्यांना सांगितलं, "आमच्यातला सगळ्यात हुशार हा होता."

एका बाईंनी विचारलं, "सध्या काय करता?"

तो तोंड उघडायच्या आत बायको म्हणाली, "नोकरी करतात."

बाहेर पडल्यावर तो उखडला. "तुला मध्ये बोलायला कोणी सांगितलं होतं?"

"तू काय सांगणार होतास?"

तो भराभर पुढे चालायला लागला.

"महिनाभर माझ्यासमोर बसलास," ती चालता चालता म्हणाली. "एकदा तरी बघितलंस का माझ्याकडे?"

पुढच्या वर्षी मित्राचा पुन्हा फोन आला. तो मुलीने घेतला आणि सांगितलं, बाबा कामावर गेलेत. बाबा शेजारीच बसले होते.