आवाज ऐकून त्या आत पळाल्या

मित्रांनो, मी रुळाचा एक जुना तुकडा आहे. वरोऱ्याबाहेर, कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या एका जिनिंगच्या आवारात, कडुनिंबाच्या फांदीला मला साखळीने टांगले आहे. हातोड्याचे ठोके बसून बसून माझ्या पोटाला खळगा पडला आहे.

मार मला जन्मापासूनच. भट्टीत मला वितळवले, लाल असतानाच दाबून लांब केले आणि खिळे ठोकून जमिनीला जखडले. मग वर्षानुवर्षे कोळशाच्या मालगाड्या माझ्या अंगावरून धडधडत गेल्या. एका कडाक्याच्या थंडीत मला तडा गेला, तेव्हा माणसांनी आगीच्या जिभेने माझे तुकडे केले आणि भंगारात फेकले.

तिथून मला नूर मोहम्मद यांनी उचलले. ते या जिनिंगचे फिटर. त्यांनी पान्याने मला एक टोला हाणला आणि कान लावून म्हणाले, "अरे वा! याचा गळा तर कव्वालासारखा हाय."

तेव्हापासून माझे काम सुरू झाले. सकाळी कामाला लागायचे ठोके, दुपारी जेवणाचे, संध्याकाळी सुटीचे. ठोकायचा जंगूभाऊ, इथला चौकीदार. तो ताडोबाच्या जंगलाकडेच्या एका गोंड गावचा. दिवाळी झाली की त्याची बायको मंगली आणि लेक रंजीता गावातल्या बायांबरोबर इथे कापूस निवडायला येत.

"जेवाच्या वक्ती लय गोड बोलते हा," मंगली माझ्याकडे बोट दाखवून म्हणायची. "बाकी वक्त मुका."

"तुह्यावानी दिवसभर बोलला तं फुटन ना तो," जंगूभाऊ म्हणायचा. बाया पदर तोंडाला लावून हसायच्या.

एका हिवाळ्यात दुपारी मागच्या कुंपणावरून वाघ आत आला. पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या वाळक्या झाडांच्या, ढिगाआडून तो उठला आणि आवारातल्या कुत्र्याची मान त्याने एका झटक्यात मोडली. जंगूभाऊने हातोडा घेऊन मला न थांबता बडवायला सुरुवात केली. जंगलाकाठच्या गावांत याचा अर्थ शेंबड्या पोरालाही कळतो. टिन, थाळी, लोखंड, काहीही न थांबता वाजू लागले की वाघ नाहीतर अस्वल गावात आले. पोरांना उचलायचे, घरात शिरायचे, दाराला आतून अडसर लावायचा. बायांनी तेच केले. जवळच्या सरकीच्या गोदामात शिरून त्यांनी दार लावून घेतले. वाघ कुत्रे ओढत निघून गेला. कोणाला ओरखडाही आला नाही. पुढच्या दसऱ्याला यंत्रांबरोबर मलाही झेंडूचा हार पडला.

पुढच्या वर्षी दुसऱ्या गावच्या एका जिनिंगला आग लागली, म्हणून आमच्याकडेही तयारी झाली. रेतीच्या बादल्या भरल्या. आग विझवायची लाल नळकांडी भिंतीला लागली. नूर मोहम्मद यांनी यंत्रांवरच्या गड्यांना फाटकापर्यंत पळवून सराव घेतला.

"न थांबता ठोके ऐकू आले का समजा आग," ते म्हणाले. "हातातलं टाका अन् फाटकाकडं पळा. चप्पल शोधत बसू नोका."

"बायाईले बलावू का?" जंगूभाऊने विचारले.

"त्या मागं बसतेत, यंत्रापासून दूर," मॅनेजर सुनिल म्हणाले. "उगाच काम खोळंबन."

नूर मोहम्मद यांनाही ते पटले. जंगूभाऊलाही पटले. सराव झाला, सगळ्यांनी चहा घेतला.

मित्रांनो, आता पुढचे ऐका.

पौषातली दुपार होती. कापसातून एक गोटा यंत्रात गेला, लोखंडावर आपटला आणि ठिणगी उडाली. सरकी काढलेल्या रुईला आग लागते तेव्हा ती चढत नाही, धावते. डोळ्याचे पाते लवते न लवते तोच ज्वाळा छताला भिडल्या. पत्रे तडतडू लागले. एक गडी पेटलेल्या सदऱ्यानिशी बाहेर पडून मातीत लोळू लागला. जंगूभाऊ धावत आला आणि त्याने हातोडा उचलला.

असा मार मी आयुष्यात खाल्ला नव्हता. तो दोन्ही हातांनी मला झोडत होता. साखळी हिसके खात होती, फांदी कडकडत होती. गडी फाटकाकडे पळाले. जंगूभाऊची नजर मात्र मागच्या बाजूला लागली होती. तिकडून कोणीच येत नव्हते.

"ऐकू नाई येत का ह्याइले!" तो ओरडला आणि आणखी जोराने ठोकू लागला.

बाया गोदामामागे सावलीत जेवत होत्या. वारा उलटा होता, धूर त्यांना दिसला नव्हता. त्यांना फक्त मी ऐकू आलो. त्यांनी भाकरी टाकल्या आणि गोदामात शिरून अडसर लावला. जंगूभाऊ जितका जोर लावी, तितके त्यांना वाटे की वाघ जवळ आला. त्यांनी सरकीची पोती ओढून दाराला लावली. आणि आग त्याच गोदामाच्या पत्र्यावर उतरली.

नूर मोहम्मद मागे धावून गेले, पण बंद दाराआडच्या 'वाघ, वाघ' अशा ओरड्यात त्यांची हाक बुडाली, तसे ते परत आले. त्यांनी जंगूभाऊचा हात धरला.

"ठोकू नोको! बंद कर!"

"काऊन? मंगली आत हाय, रंजीता आत हाय!"

"तुह्या ठोकण्यानंच आत बसल्या त्या! वाघ समजून राह्यल्या!"

जंगूभाऊच्या हातून हातोडा गळून पडला. नूर मोहम्मद यांनी साखळी काढली, दोन गड्यांनी मला उचलले आणि गोदामाचे दार माझ्याच टोकाने फोडायला घेतले. पहिल्या धडकेला आतून किंकाळी उठली.

"दार तोडून राह्यला तो! पोते लावा, अजून पोते लावा!"

तो मंगलीचा आवाज होता. आम्ही बाहेरून ढकलत होतो, त्या आतून रेटत होत्या. फळीला भेग पडली, तिच्यातून धूर आला, खोकला आला. तेव्हा जंगूभाऊ त्या भेगेला तोंड लावून गोंडीत ओरडला. वाघ नाही, आग आहे, मी आहे. नवऱ्याचा आवाज मंगलीने ओळखला. जी पोती लावायला तिने सांगितले होते, तीच ती आता ओढून फेकू लागली. अडसर निघाला आणि दार हातभर उघडले. बाया एकेक करून फटीतून निसटल्या. रंजीता बाहेर आली तेव्हा तिच्या बाहीला आग होती. मंगली आतून पोती बाजूला धरून होती. मागून सगळ्या ढकलत होत्या, आणि तिने हात सोडला असता तर दार पुन्हा अडले असते.

शेवटची बाई बाहेर पडली आणि मंगलीवर छत खाली आले.

जंगूभाऊ आत झेपावला. नूर मोहम्मद यांनी त्याला लाथ मारून खाली पाडले आणि ते त्याच्या छातीवर बसले. जंगूभाऊने त्यांना चावले, बोचकारले, शिव्या दिल्या. त्यांनी त्याला सोडले नाही. ते स्वतःही रडत होते.

त्यानंतर कितीतरी महिने मी राखेत पडून होतो. जिनिंग पुन्हा उभी राहिली. विजेचा भोंगा आला. वीज गेली तर हाताशी काही असावे, म्हणून मलाही परत टांगले. नव्या गोदामाचे दार बाहेरच्या बाजूला उघडते आणि त्याला आतून अडसर नाही. जंगूभाऊ अजून फाटकावर असतो, पण हातोड्याला हात लावत नाही. ठोके आता रंजीता देते. तिचा उजवा हात कोपरापासून आखडला आहे, म्हणून ती डाव्याने ठोकते.

हंगामाच्या पहिल्या दिवशी ती सगळ्यांना माझ्यासमोर उभे करते. मशीनवाले, कापूस निवडणाऱ्या बाया, ट्रॅक्टरवाले, मॅनेजरही. मला जोरजोराने बडवते आणि मग विचारते, "तुमच्या गावात असा आवाज आला तं काय करता?"

कोणी म्हणतो, घरात शिरतो. कोणी म्हणतो, कोणी मेले असेल म्हणून बघायला जातो. मुखरू नावाचा एक म्हातारा हमाल म्हणाला, "आमी तं जेवाले बसतो बाई." सगळे हसले. रंजीता हसली नाही. ती त्याला हाताला धरून फाटकापर्यंत चालवत घेऊन गेली आणि म्हणाली, "इथी यायचं, बाबा. आवाज आला का इथी. आता तुमी एकटे या बरं." म्हातारा परत गेला, पुन्हा एकटा चालत आला. मग पुढची बाई, मग तिच्या पुढची. काम खोळंबले, तरी मॅनेजरही आपल्या पाळीची वाट बघत उभे होते.

मित्रांनो, तुमच्या शाळेतही घंटा असेल, आईबाबांच्या कारखान्यात भोंगा असेल. तो वाजला की कुठे जायचे, हे आजच विचारा आणि तिथवर एकदा चालून बघा. जो नवा आला आहे, जो मागे बसतो, त्याला आधी न्या. मी लोखंड आहे. मी फक्त ओरडू शकतो. 'बाहेर पळा' हे शब्द त्या आवाजात तुम्हालाच भरावे लागतात.