छप्पर मागून तोकडं होतं

मित्रांनो, आधी माझी तक्रार ऐका, ओळख मागाहून करून देते. आमच्या खोलीत एक इंजिनियर मुलगी आहे. रोज सकाळी येते, कानातली वायर काढते आणि खुशाल माझ्या अंगावर टाकते. वर म्हणते कशी, "ही बरी खुंटी मिळाली!" खुंटी? अगं, तुझे दुधाचे दात पडले नव्हते तेव्हापासून मी या इस्पितळात आहे.

मी एक जुनी कंबर आहे. प्लॅस्टरची. कमरेची हाडं असतात ना, दोन बाजूंना पसरलेली आणि खाली समोर जुळलेली, तसा माझा घाट. दोन्ही अंगांना एकेक खोलगट वाटी. मांडीच्या हाडाचा गोळा त्या वाटीत बसतो, फिरतो, म्हणून तुम्ही उठता, बसता, पळता. वाटीची कड गोळ्यावर छपरासारखी येते. काहींचं ते छप्पर जन्मापासून तोकडं असतं. लहानपणी कळतही नाही. मग वाढत्या वयात सगळा भार काठावर येतो, खुबा दुखायला लागतो आणि सांधा झिजत जातो.

मला एका साचे करणाऱ्या कारागिरानं घडवलं. त्याची आई कुरकुरली होती, "अरे, फुलदाण्या कर, घोडे कर. कंबर कोण विकत घेतं?" त्यानं ऐकलं नाही. चार दिवस घासून घासून त्यानं माझ्या कडा गुळगुळीत केल्या. म्हणून तर आज इतक्या वर्षांनी माझ्या अंगावर एक तडा नाही.

शाळेचं तोंड मी पाहिलेलं नाही. जे शिकले ते शिकाऊ डॉक्टरांच्या वर्गात टेबलावर बसून, कानांनी. म्हातारे प्राध्यापक मला दोन्ही हातांनी उचलायचे आणि मुलांना सांगायचे, "अशी सुबक कंबर शोधून सापडायची नाही." मी फुगून जायचे. खोटं कशाला बोलू? पुढे चित्रं पडद्यावर आली, प्राध्यापक घरी बसले आणि मी खिडकीत गेले. कागद उडू नयेत म्हणून माझं वजन कामी यायचं. ज्या मूर्तीला कधी लोकांनी हात जोडले, तिनं दार अडवायला बसावं, तशी गत.

मग ही मुलगी आली आणि मला तिच्या टेबलावर ठेवलं. सगळे तिला ठिपकेवाली म्हणतात. दोनशे माणसांच्या कमरांची चित्रं तिच्या संगणकात आहेत. प्रत्येक चित्रावर ती ठरलेल्या जागी ठिपके देते. हाडाचं हे टोक, ती कड, वाटीचा तळ. सगळे ठिपके गोळा करून संगणक एक मधली, म्हणजे सरासरी मापाची, कंबर काढतो आणि माणसामाणसांत आकार कुठे, किती बदलतो तेही दाखवतो. मग नव्या रोग्याचं हाड त्याच्याशी ताडून बघायचं. छप्पर तोकडं आहे एवढ्यावर भागत नाही, मित्रांनो. पुढून तोकडं की मागून, ते कळायला हवं.

एक दिवस एक शिवणकाम करणारी बाई काठी टेकत आली. दोन मुलांची आई, तिशी नुकतीच ओलांडलेली. बरोबर सासू.

"लग्नाआधी अख्खा जिना चढवून बघितला होता हो," सासू ठिपकेवालीला म्हणाली. "तेव्हा काही दिसलं नाही."

"आत्या, मला चढवलंत, तुम्ही खालीच बसला होतात," सून म्हणाली. दोघी हसल्या. पण सुनेचे डोळे हसत नव्हते. आठ दिवसांवर तिचं ऑपरेशन होतं. वाटीभोवतीचं हाड कापायचं, छप्पर वळवायचं आणि पुन्हा बसवायचं. चुकीच्या बाजूला वळलं तर तिला मशीनवर बसणंही जमणार नव्हतं.

ठिपकेवालीनं पडदा तिच्याकडे फिरवला आणि मधल्या कमरेशेजारी तिची कंबर ठेवून फरक दाखवला. "ताई, तुमचं छप्पर पुढून कमी आहे. आमचे मोठे डॉक्टर ते पुढे वळवतील. त्यांनी शेकड्यांनी केली आहेत अशी."

बाईनं पडद्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. मला उचललं, वाटीत अंगठा फिरवला. किती वर्षांनी कुणी मला असं जाणून हातात घेतलं!

"म्हणजे मधल्या मापाचा कागदी साचा आणि गिऱ्हाइकाप्रमाणे कमीजास्त," ती म्हणाली. "कळलं. पण माझं माप घेतलंत कसं?"

"यंत्रात झोपवून. तुम्हाला आठवत असेल."

"आठवतं ना. दुखत होतं म्हणून तिथल्या दादांनी गुडघ्यांखाली ही जाड उशी दिली. कंबर मागे कलंडली होती माझी. मी वाकड्या उभ्या बाईचं माप घेतलं, तर ब्लाउज पुढून आखूड होतो. मग गिऱ्हाईक मलाच बोलतं."

ठिपकेवालीचा चेहरा उतरला. यंत्राचा पाट सरळ आहे एवढं धरून तिनं मोजलं होतं. पाटावरची कंबर सरळ आहे का, हे बघितलंच नव्हतं.

तिनं मला बाईच्या हातातून घेतलं आणि टेबलावर पालथी घातली. पालथी घातली की मी तीन जागांवर टेकते. वरची दोन टोकं आणि खालचा जोड. कुणीही ठेवा, तशीच बसते. "ही हिची सरळ बैठक," ती स्वतःशीच पुटपुटली. मग पडद्यावरच्या कमरेला त्याच तीन ठिपक्यांवर बसवलं आणि पुन्हा मोजायला लागली. सासूनं दोनदा विचारलं, "झालं का गं?" तिनं मान वर केली नाही.

झालं तेव्हा चित्र उलटं निघालं. पुढची कड नीट होती. छप्पर मागून तोकडं होतं.

तिनं मोठ्या डॉक्टरांना बोलावलं. ते आले ते आठ्या घालूनच.

"अगं, एका उशीवरून माझं ऑपरेशन बदलायचं?"

"सर, उशीवरून नाही. चूक माझी आहे. आता बघा."

ते खुर्ची ओढून बसले. चित्र फिरवून फिरवून पाहिलं. छप्पर पुढे वळवलं असतं, तर मागची उघडी बाजू आणखी उघडी पडली असती आणि पुढची कड बसताना मांडीला अडली असती.

"मी पुढेच वळवणार होतो," ते हळूच म्हणाले. मग बाईकडे वळले. "ताई, तुमच्या हातचा ब्लाउज चुकत नसणार."

"चुकतो की. म्हणून तर विचारलं," ती म्हणाली.

ऑपरेशन झालं, वळवायचं तिकडेच वळलं. पाच महिन्यांनी दोघी पुन्हा आल्या. काठी नव्हती. सासू दारातूनच ओरडली, "आता ही पुढे जाते आणि मलाच म्हणते, आत्या, चला ना भरभर!"

मित्रांनो, हाडं आत असतात, कुणाला दिसत नाहीत. म्हणून कुणी दुखतंय म्हणालं तर त्याला आळशी म्हणू नका, लंगडणाऱ्याची नक्कल करू नका. आणि मोजणारा कितीही मोठा असला, तरी माप कसं घेतलंत, हे विचारायला लाजू नका.

त्या दोघी गेल्यावर ठिपकेवाली पुन्हा कामाला बसली. दोनशेच्या दोनशे कमरा ती तीन ठिपक्यांवर नव्यानं बसवत होती. महिनाभर तेच चाललं होतं, कुणी सांगितलेलं नसताना. शेवटची झाली तेव्हा तिनं हात ताणले, डोळे चोळले. खोलीत आम्ही दोघीच होतो. ऐकू जावो न जावो, मला राहवलं नाही. मी मोठ्यानं म्हणाले,

"पोरी, तुला वागण्याचं वळण नाही, हे मी कुणालाही सांगेन. पण एका शिवणवालीनं चूक दाखवली तेव्हा तू वाद घातला नाहीस, मान खाली घातलीस आणि पुन्हा मोजलंस. माणसांची हाडं तुझ्या हाती द्यायला माझी हरकत नाही."