मोहळाईची हळद

धावड्यात मोहळाईच्या देवळापुढे जमलेलं सगळं गाव तोंड वर करून उभं होतं. कित्येक दिवसांची पावसाची झड त्या सकाळी उघडली, लख्ख ऊन पडलं आणि देवळातल्या धर्मराज महाराजांनी सांगितलं होतं तसंच घडलं. वरून हळद पडू लागली. देवळाच्या चुना दिलेल्या भिंतीवर, बायकांच्या पदरांवर, बाप्यांच्या पटक्यांवर पिवळे ओले ठिपके उमटले. चतुराबाईच्या अंगात आलं. कुणी ठिपका बोटावर घेऊन कपाळाला लावला, कुणी लेकराच्या जिभेवर ठेवला.

"आईनं मळवट धाडला," महाराज म्हणाले. "मन साफ त्याच्या अंगावर पडंल. मनात किल्मिष आसंल तो कोरडा राहील."

बद्रीनाथ कोरडा राहिला नाही. भोकरदनच्या ढोरांच्या दवाखान्यातला हा सलोत्री हैदराबादेत परीक्षा देऊन आलेला, आणि हे तो कुणाला विसरू देत नसे. त्याच्या पांढऱ्या कोटावर छातीच्या मधोमध ठिपका पडला आणि गर्दीनं आदरानं वाट करून दिली. क्षणभर त्याला बरं वाटलं. महाराजांनी भिंतीवरची हळद त्याच्या तळहातावर दिली. सासुरवाडीचं सगळं गाव बघत होतं. नको म्हणायचं धैर्य होईना, म्हणून त्यानं ती चाटली. तुरट लागली.

तो आला होता सासूबाईंच्या सांगाव्यावरून. झुंबरबाईंच्या घराच्या मागच्या जाड मातीच्या भिंतीत मधमाश्यांची तीन मोहळं होती. नवरा गेल्यापासून घरात दुसरा आवाज नव्हता. स्वयंपाक करताना त्या भिंतीतल्या गुणगुणीशी बोलत असत. त्या वर्षी दोन मोहळं बसली, म्हणजे मरून गेली. माश्या उडायच्या थांबल्या, फुगलेली पोटं ओढत अंगणात चालू लागल्या आणि तिथंच मेल्या. महाराज म्हणाले, आईच्या दर्शनाला पायी निघाल्यात.

गावची रीत अशी की मेलेल्या मोहळाचा मध घरात खायचा नाही, आईला वाहायचा. देवळाच्या आवारात एक मोठी परात उघडी ठेवलेली असे. मधाची पोळी त्यात पिळायची, गावातल्या माश्यांनी आधी प्यायचं, उरेल ते महाराजांनी बाजारात न्यायचं. त्या वर्षी परात रिकामी अशी दिसलीच नाही. आता महाराजांनी झुंबरबाईंना निरोप दिला होता की आई तिसऱ्यालाही बोलावून राह्यली. ऊन पडल्यावर कापून आणा.

"जावईबापू, तुम्हाला ढोराचं कळतं," झुंबरबाई म्हणाल्या. "तसं माशीचं बी बघा. हे गेलं तर माझ्या घरात बोलायला कोणी न्हाई."

बद्रीनाथनं माश्या बघितल्याच नाहीत. बघायची गरज काय, त्याचा तर्क तयार होता: कुणीतरी देवळावर लपून हळदीचं पाणी शिंपडतं. चावडीवर बसून त्यानं चार जणांना ऐकवलं की उद्या मुद्देमालासकट धरतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा ऊन होतं. तो शिडी लावून देवळावर चढला आणि शिखराला पाठ टेकून बसला. वर कुणी नव्हतं. महाराज खाली सगळ्यांदेखत हात जोडून उभे होते. आणि हळद पडली, नेमकी बद्रीनाथवर. डोक्यावर, खांद्यांवर, चष्म्यावर. डोक्यावरून माश्यांचे थवेच्या थवे जात होते, पण मुद्देमाल शोधणाऱ्याला माश्या कुठल्या दिसायला? गावानं वर पाहिलं तर सलोत्री एकटाच शिखराला मिठी मारून पिवळा झालेला.

"आईनं जावयाला वर बोलावून न्हाऊ घातलं," महाराज म्हणाले. त्या दिवशी टेंभुर्णीपर्यंत कीर्ती गेली.

भोकरदनला परतल्यावर दवाखान्यातल्या कंपाउंडर गयासोद्दीननं सगळं ऐकून घेतलं आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, "साहेब, बैलानं केलं आसतं तर तुम्ही बराबर वळखलं आसतं."

तेव्हा कुठे बद्रीनाथनं कोट नीट पाहिला. ठिपक्यावर साबण चोळला. हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो, हे लग्नातलं धोतर धुतलेल्या कुणालाही माहीत असतं, त्यालाही होतं. ठिपका पिवळाच राहिला. ही परीक्षा पहिल्याच दिवशी देवळापुढे घेता आली असती, पण तेव्हा साहेब चाटण्यात गुंतले होते. ठिपका त्यानं खुर्दबिनीखाली, दवाखान्यातल्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. फुलांच्या परागांची टरफलं दिसली, म्हणजे माल पराग खाणाऱ्या कुणाच्या तरी पोटातून आला होता. त्यात तांदळाच्या दाण्यासारखे चकचकीत असंख्य कण होते. बद्रीनाथनं चूळ भरली. मग आणखी एकदा भरली.

मग मात्र तो शिकल्यासारखा वागला. धावड्याला जाऊन त्यानं माश्या आणल्या, टेंभुर्णीच्या निरोगी मोहळातल्याही आणल्या, आणि चिमट्यानं पोटं उघडली. निरोगी माशीचं जठर तपकिरी, वळ्या-वळ्यांचं. धावड्याच्या माशीचं पांढरंफटक, फुगलेलं. झुंबरबाईंच्या तिसऱ्या मोहळात एकच रोग होता, तो तांदळाच्या दाण्यांचा. त्या माश्या थकलेल्या होत्या, पण उडत होत्या. परातीभोवती मेलेल्यांच्या पोटात मात्र दुसरेही जंतू होते, गोल कवचाचे. एकानं आतड्याचं अस्तर पोखरायचं आणि दुसऱ्यानं तिथं घर करायचं, असं काहीसं असावं. एकटा रोग मोहळ दमवत होता. दोघं भेटले की मोहळ बसत होतं. आणि दोघांची भेट कुठं होत होती? मेलेल्या मोहळांचा मध, त्यात पडून घाण करणाऱ्या आजारी माश्या, आणि तेच पिणारी सगळ्या गावची मोहळं. महाराजांच्या परातीत.

पुढची झड उघडण्याच्या बेतात आली तेव्हा त्यानं गावाला देवळाऐवजी झुंबरबाईंच्या अंगणात बोलावलं. महाराजही आले, सलोत्र्याची फजिती चुकवणं त्यांना परवडणारं नव्हतं. भिंतीपुढे स्वच्छ धोतर अंथरलं. ऊन पडलं, माश्या बाहेर पडल्या आणि धोतरावर हळद पडली. देवी दूर देवळात, महाराज ओसरीवर, हळद इथं. बद्रीनाथनं एका टोकाला खरी हळद लावली आणि दोन्हींवर साबण चोळला. एक डाग लाल झाला, बाकीचे पिवळे राहिले. मग बशीत दोन माश्यांची जठरं ठेवून त्यानं ती सगळ्यांपुढे फिरवली.

"हे माशीचं हगणं आहे," तो म्हणाला. "माशी घरात घाण करत न्हाई. झडीत कोंडून बसती, ऊन पडलं की सगळ्याच बाहेर येतात. महाराजांना आभाळ कळतं, तेवढंच. धडधाकट माशी लांब जाती. आजारी असली की दारातच सुटतं, म्हणून औंदा आईची इतकी किरपा."

कित्येकांचे हात कपाळाकडे गेले.

"लाजू नका," तो म्हणाला. "तुम्ही लावलं. मी तर शिकून-सवरून चाटलं."

मागून कडूबा नावाचा गडी फस्सकन हसला, मग दुसरा, मग सगळं अंगण. महाराज हटले नाहीत. माशी देवीची, पोट देवीचं, मंग पोटातलं कोणाचं, असं त्यांनी विचारलं, आणि एरवी यावर माना डोलल्या असत्या. कडूबानं शांतपणे सांगितलं की मंग आज पहिला मान महाराजांचा, धोतर समोरच हाय. महाराजांना एकाएकी अजिंठ्याकडचं काम आठवलं. जाता जाता मात्र ते बोलले, "तिसरं मोहळ आईला दिलं न्हाई तर कोप होईल. वाचवून दाखीव, सलोत्री."

झुंबरबाईंनी जावयाकडे पाहिलं. "वाचंल का?"

बद्रीनाथच्या जिभेवर 'वाचंल' आलं होतं. ते त्यानं गिळलं. "ठाऊक न्हाई, मामी. परात ऱ्हायली तर मरंल, हे बराबर सांगतो. उचलली तर आशा हाय. कोपाचं मला कळत न्हाई. पण मी सांगतो म्हणून ऐकू नका, माझं काय झालं ते गावानं पाह्यलंय. ह्या माश्या तुमच्या दारात हायेत. रोज बघा. काय पडतं, कुठून पडतं, कोण जगतं, कोण मरतं. बघून मंग ठरवा."

झुंबरबाईंनी भिंतीला हात लावला. मग पदर खोचून त्या देवळाकडे निघाल्या. परात जड होती; चतुराबाईनं दुसरी कड धरली. दोघींनी ती गावाबाहेर नेऊन खड्ड्यात पालथी केली आणि वर माती ओढली. मेलेल्या मोहळांची पोळी त्याच दिवशी चुलीत गेली.

दिवाळीनंतर बद्रीनाथ आला तेव्हा झुंबरबाई भाकरी थापत होत्या. तिसरं मोहळ लहान झालं होतं, निम्म्याहून थोडं अधिक उरलं असेल. वाचलं असं म्हणायचं का, हे तो अजून सांगू शकत नव्हता आणि त्यांनी विचारलंही नाही. त्या भिंतीकडे तोंड करून कुणाला तरी सांगत होत्या की करडई फुलली की पोटभर खायला मिळंल, तवर दम धरा.