रिकाम्या होडीवरचा झेंडा

मी एक जुना झेंडा आहे. बिचारा नाही. कीव करायला आला असाल, मित्रांनो, तर आल्या पावली परत जा. माझ्या कडा उसवल्या आहेत, लाल रंगाचा विटकरी झाला आहे, अंगाला मासळीचा वास येतो. येऊ दे. मी काही अत्तराच्या दुकानात जन्मलो नाही.

जपानच्या उशिओहामा बंदरातल्या हात्सू नावाच्या रंगारणीने मला घडवलं. तिने आधी तांदळाच्या खळीने रेघा ओढल्या, मग ब्रशने रंग भरले. वर सूर्य, खाली लाटा, मधोमध माणसाएवढा तांबडा मासा. माशाच्या डोळ्यापाशी खळ जराशी ओघळली आणि तो भुवई चढवून बघतोय असा रागीट झाला. हात्सू ओशाळली, नवं कापड काढायला उठली. माझा तांडेल तोकुजी तिथेच बसला होता. तो म्हणाला, "राहू दे गं. हसऱ्या माशाचं समुद्रात काय काम?"

तोकुजीच्या नव्या होडीसाठी मी होतो. आमच्याकडे असा झेंडा रोज मिरवत नाहीत. होडी मासळीने काठोकाठ भरून परतली, तरच तो चढवायचा. मग धक्क्यावरच्या बायकांना लांबूनच कळतं आणि खोक्यांची, बर्फाची धावपळ सुरू होते. माझ्या उमेदीच्या काळात मी इतक्यांदा चढलो की गावातली कुत्रीमांजरंही मला ओळखायची.

एकदाच तोकुजीने तो नियम मोडला. वादळात जाळी तुटून गेली, होडीत औषधालाही मासा नाही, पण खलाशी मात्र सगळे जिवंत. धक्का दिसू लागला तसं त्याने मला डोलकाठीवर चढवलं. किनाऱ्यावर रात्रभर ताटकळलेल्या बायकांनी मला पाहिलं आणि आपली माणसं वाचली म्हणून त्या धक्क्याच्या टोकापर्यंत धावत सुटल्या. माझ्या आयुष्यातला तो सर्वांत मोठा दिवस. पण दुसऱ्या दिवशी गुत्त्यात कोणीतरी दात काढले, "काय तांडेल, उपाशीपोटी ढेकर?" सगळे खो खो हसले. तोकुजी हसला नाही. ते हसू त्याच्या मनात काट्यासारखं रुतून बसलं, आणि त्यानंतर मासळी जराही कमी असेल तर त्याने मला कधी चढवलं नाही.

पुढे मासे दूर गेले, तोकुजी म्हातारा झाला, होडी भंगारात गेली. मला कापराच्या वड्या घालून पेटीत ठेवलं. कित्येक वर्षं. घरी येणाऱ्यांना सांगायचे, "झेंडा नीट जपून ठेवलाय हो!" मित्रांनो, कोंडून ठेवण्याला माणसं जपणं म्हणतात. मला विचारलं असतं तर सांगितलं असतं.

मला बाहेर काढलं मित्सुएने. मित्सुए म्हणजे तोकुजीची लेक. दिवसभर मासळी कापायच्या शेडमध्ये उभी असते आणि सामन्याच्या दिवशी गोलच्या मागे उभी राहून घसा फोडते. आमच्या गावचा फुटबॉल क्लब गेल्या वर्षी तिसऱ्या श्रेणीतून दुसरीत चढला होता. गावाला दुसरं मिरवण्यासारखं काही उरलं नव्हतं.

"बाबा, झेंडा देता का? मैदानात लावायचाय."

तोकुजीने चहा खाली ठेवला. "जिंकलात तर चढवायचा. फक्त जिंकलात तर. हरल्यावर एकदा जरी वर दिसला, तर मी येऊन काढून नेईन. मग तो माझ्या शवपेटीत जाईल आणि पेटीसकट माझ्यासोबत जळेल."

"चालेल," मित्सुए म्हणाली. तिला वाटलं, आपण जिंकणारच आहोत.

कसलं काय! लीग चषकाच्या पहिल्याच सामन्यात वरच्या श्रेणीतल्या संघाने आमच्यावर पाच गोल ठोकले. लीगमध्ये बर्फ वितळेपर्यंत एक विजय नाही. मी आपला मित्सुएच्या मांडीवर घडी होऊन पडलेला. वर आरडाओरड, ढोल, आणि मला दिसायचा फक्त तिच्या कोटाचा अस्तर उसवलेला कोपरा. त्यात क्लबचा सेगावा नावाचा साहेब आला. झेंडा चढला तर कंपनीच्या जाहिरातीची पाटी झाकली जाईल म्हणे, शिवाय वास येतो.

"मग पुढच्या वेळी कंपनीच्या पाटीलाच ओरडायला सांगा ना," मित्सुए म्हणाली. "आम्ही घरी बसतो, चहा पितो."

साहेब नाक दाबून निघून गेला. असल्या लोकांना बंदराच्या नावाचा क्लब हवा असतो, बंदराचा वास नको असतो.

जूनमध्ये सम्राट चषकाचा, म्हणजे देशभरातल्या लहानमोठ्या क्लबांच्या स्पर्धेचा, सामना आला. तोही परगावी, तोही बुधवारी, तोही पहिल्या श्रेणीतल्या धनदांडग्या क्लबाविरुद्ध. एका बसमध्ये मावलो आम्ही. शेडमधून सुट्टी काढलेल्या बायका, दोन बर्फवाले, एक न्हावी. आम्हाला पाहून त्यांचा एक पोरगा ओरडला, "ए, मासळीबाजार आला रे!"

"आलाय तर!" न्हावी म्हणाला. "काटे सांभाळून गिळ."

एक-एक बरोबरी. जादा वेळ. पेनल्टी. आमचा गोलरक्षक नागाकुरा, ज्याला लीगभर आमच्याच लोकांनी शिव्या घातल्या होत्या, त्याने शेवटची पेनल्टी गुडघ्याने बाहेर ढकलली आणि मी वर गेलो! माझ्या दोन कडांना दोन काठ्या लावलेल्या, एक मित्सुएच्या हातात, दुसरी न्हाव्याच्या. इतक्या वर्षांनी अंगात वारा शिरला. समोरचं चकाचक स्टेडियम गप्प, आणि माझा मासा भुवई चढवून त्यांच्याकडे बघतोय.

मित्सुए घरी आली तेव्हा तोकुजी पाठ करून झोपल्याचं सोंग घेत होता. "कोण हरलं?" त्याने भिंतीला विचारलं.

"ते."

"हं. नागाकुरा डावीकडे आधीच झुकतो. सांग त्याला."

टीव्ही अजून गरम होता.

पुढच्याच फेरीत चषकातून आम्ही बाहेर पडलो. वर्तमानपत्रातले शहाणे लिहू लागले की, लहान क्लबाने तीन-तीन स्पर्धा मनापासून खेळण्याची हौस करू नये, चषकात दुय्यम संघ उतरवून लीग वाचवावी. म्हणजे मोठ्यांच्या घरी जेवायला बोलावलं तर दारातूनच नमस्कार करून परत फिरावं! जा रे. आम्ही जाणार, बसणार आणि ताटाला हातही लावणार.

नोव्हेंबरात लीगचा शेवटचा सामना आमच्याच मैदानावर होता. बरोबरी झाली तरी दुसऱ्या श्रेणीत टिकणार, हरलो तर खाली. त्या दिवशी तोकुजी आला. आयुष्यात पहिल्यांदा. टोपी कानांपर्यंत ओढून सगळ्यांत वरच्या पायरीवर बसला. न्हाव्याने हटकलं, "काय तांडेल, इकडे कुठे?"

"डॉक्टरांनी थंडी खायला सांगितलीय."

पण मित्सुए मला मुठीत गच्च आवळून बसली होती. तो कशाला आलाय, हे आम्हा दोघांना ठाऊक होतं.

सामना संपत आला तरी बरोबरीच होती. मग एक कॉर्नर, नागाकुराच्या हातातून निसटलेला चेंडू, गोल. शिट्टी वाजली. आम्ही खाली गेलो.

आमच्याकडे सामना संपला की खेळाडू रांगेने प्रेक्षकांसमोर येऊन वाकतात. जिंकोत की हरोत. ते आले. चिखलाने माखलेले, एक लंगडत, नागाकुरा सर्वांत शेवटी. ते वाकले आणि वाकलेलेच राहिले. मागून कोणीतरी किंचाळलं, "लाज वाटू दे!" बाकीचे खाली बघत पिशव्या आवरू लागले. ते पिशव्या आवरणं शिवीपेक्षा वाईट होतं.

मित्सुए उठली. तिने मला उलगडलं आणि एक काठी उंच धरली.

न्हाव्याने दुसऱ्या काठीला हात लावला नाही. तिने बापाला दिलेला शब्द त्यालाही माहीत होता. मी अर्धा वर, अर्धा पायऱ्यांवर लोळत. वरून तोकुजी दाणदाण खाली आला.

"मित्सुए! खाली घे. होडी रिकामी आहे."

"आहेच रिकामी."

"मग?"

"वादळातून आलात तेव्हाही रिकामीच होती. तरी तुम्ही चढवला होतात. मी आईची बाही धरून धक्क्यावर उभी होते, बाबा. लोक हसले ते दुसऱ्या दिवशी. त्या दिवशी कोणी नाही हसलं."

"तेव्हा माणसं परत आली होती."

"आणि ही कोण आहेत?"

तोकुजीने मैदानाकडे पाहिलं. वाकलेल्या पाठींवरून वाफ निघत होती. नागाकुराचे खांदे हलत होते. मग म्हातारा माझ्याकडे वळला. मला वाटलं, झालं, आता पेटी आणि मग आग. त्याचा हात खाली आला. त्याने जमिनीवरची काठी उचलली आणि वर केली.

"सरळ धर," तो खेकसला. "मासा पोहतोय की बुडतोय?"

मी पूर्ण उघडलो. नागाकुराने मान वर केली. आधी न्हाव्याने टाळ्या वाजवल्या, मग शेडमधल्या बायकांनी, आणि मग मला काही ऐकू येईना, कारण वारा माझ्यात होता.

घरी जाताना मित्सुएने विचारलं, "मग? शवपेटीचं काय ठरलं?"

"आधी तुमचा क्लब वर येऊ दे. त्याआधी मरायला मला वेळ नाही."

मित्रांनो, तुमच्याही घरात माझ्यासारखं काहीतरी कापरात पडलं असेल. चांगला दिवस येईल तेव्हा काढू, असं म्हणत ठेवलेलं. आजच काढा. फाटलं तर शिवा, विटलं तर विटू द्या. मला दोन ठिगळं लागली आहेत, एक न्हाव्याच्या एप्रनचं आहे.

पेटीत तोकुजी आता बटाटे ठेवतो. फेब्रुवारीत तिसऱ्या श्रेणीतला पहिला सामना आहे. मी दाराजवळच्या खुंटीवर आहे, आणि मासा अजून रागातच आहे.