एकोणिसावी खोळ

आमच्या ह्यांच्या पोटामुळे अडचण झाली आहे, हे तपासनीस बाईंनी फार सभ्य शब्दांत सांगितलं. "विमानाची शेपूट जड झाली आहे. मागच्या सीटवर अठ्ठावन्न किलोच्या वरचा माणूस बसवता येणार नाही," एवढंच त्या म्हणाल्या आणि कागद घडी करून बॅगेत ठेवला. पण शेडमधल्या सगळ्यांचे डोळे एकाच जागी गेले. हे चौऱ्याहत्तर किलोचे आहेत.

विमान जुनं, लढाऊ, दोन सीटचं. असल्या विमानांची इंजिनं उघडण्यात आणि परत बसवण्यात ह्यांची उभी हयात गेली. सकाळी सही करून विमान वर पाठवायचं आणि मान वर करून ते परत यायची वाट बघायची. मागची सीट पुष्कळदा रिकामी जायची, पण ती फिटरसाठी नसायची. हे रिटायर झाले तेव्हा एकदाही वर गेलेले नव्हते. मग ह्यांच्या जुन्या कॅप्टननी भंगारातून हा सांगाडा आणला आणि म्हणाले, "उभं करून दे. पहिल्या उड्डाणाला मागची सीट तुझी." त्याला नऊ वर्षं झाली. नऊ वर्षं हा माणूस त्या एका वाक्यावर जगला. मी थट्टा करते, पण मला ते माहीत होतं.

मी कपडे शिवते. विमानाच्या सुकाणूवरचं कापडही माझंच, पण शेडमध्ये माझं खरं काम खोळींचं. जड हत्यारं आपटून पत्र्यावर ओरखडे पडू नयेत म्हणून प्रत्येकाला मी जाड, मऊ खोळ शिवली. एकूण एकोणीस. हे रोज संध्याकाळी हत्यारं मोजून वहीत आकडा लिहीत. विमानात हत्यार राहिलं तर विमान गेलं, हा ह्यांचा धर्म.

तीन वर्षांपूर्वी मोजणी अठरावर थांबली. पत्रे जोडणारे रिव्हेट ठोकताना मागून धरायचा चार किलोचा लोखंडी ठोकळा गायब. त्या दिवशी ह्यांच्या जोडीला माझा धाकटा भाऊ होता. त्याला आम्ही काडी म्हणतो, का ते बघितलं की कळतं. हे म्हणाले, "आवराआवर तुझ्याकडे होती. ठोकळा कुठंय?"

"भाऊजी, मी बाहेरून ठोकत होतो. शेपटीत हात घालून ठोकळा तुम्ही धरला होता. एकदा आत बघा तरी."

झालं! ज्याच्या हातून चाळीस वर्षांत विमानात टाचणी राहिली नाही, त्याला हे ऐकवायचं म्हणजे काय! ह्यांनी वहीत लिहिलं, 'ठोकळा : मेहुण्याने नेला.' काडीने ते वाचलं, चपला घातल्या आणि निघून गेला. नवा ठोकळा आला, पण त्याला मी मुद्दाम खोळ शिवली नाही.

तर आता ह्यांचे उपासतापास सुरू झाले. उकडलेल्या भाज्या, बिनसाखरेचा चहा, पहाटे शेडभोवती फेऱ्या. घरात ह्यांचं वजन कधी पडलं नाही, ते सगळं विमानात पडलं. पाच आठवड्यांत पाच किलो उतरले आणि आवाज तेवढाच चढला. मीठ कमी झालं म्हणून भांडण, मीठ जास्त झालं म्हणून भांडण. फेरतपासणीला नऊ दिवस राहिले आणि अकरा किलो अजून बाकी. त्या दिवशी हे घरी आले, काट्यावर उभे राहिले, उतरले आणि शांतपणे म्हणाले, "जाऊ दे. आपलं काम जमिनीवरचंच."

मला रडू आलं. आणि मला रडू आलं की राग येतो.

सकाळी मी तडक कॅप्टनना गाठलं. "शेपूट एवढी जड झालीच कशी?"

"तुमचा नवरा, वहिनी. एक पट्टी पुरे तिथे दोन लावतो." त्यांनी माझी लाकडी पट्टी बोटावर तोलून दाखवली. "शेपटीच्या टोकाला एक किलो वाढला, की सीटवरचे चार किलो कमी करावे लागतात."

सीटवर सोळा किलो कमी पडत होते. शाळेत माझं गणित कच्चं होतं, पण आयुष्य मापं घेण्यात गेलंय. सोळाला चारने भागलं, चार किलो आले, आणि मला तो हरवलेला ठोकळा आठवला.

शेपटीला हात जाईल एवढीच खिडकी आहे. मी तिचे स्क्रू काढायला लावले आणि खांद्यापर्यंत हात घातला. अगदी मागे, दोन फासळ्यांच्या बेचक्यात, बोटांना कॉर्डरॉय लागलं. आमच्या जुन्या निळ्या पडद्याचं, कडेला माझी दुहेरी टीप. खोळ इतकी घट्ट बसली होती की तीन वर्षं ठोकळ्याने हूं का चूं केलं नाही. स्वतःच्या शिवणाचा इतका राग मला कधी आला नव्हता.

ठोकळा बाहेर आला तेव्हा कॅप्टनचा चेहरा उतरला. सुकाणूची तार तिथून दोन बोटांवर होती. "वर गेल्यावर हा सुटला असता तर..." त्यांनी ठोकळा उचलून टेबलावर ठेवला.

हे आले. टेबलावरची निळी खोळ बघून जागीच थांबले.

"काखेत कळसा नि गावाला वळसा," मी म्हटलं. कोणी हसलं नाही.

हे हळूच म्हणाले, "काडी खरं बोलत होता."

"ते मला सांगून काय उपयोग?"

काडीचं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. तो चाकाच्या तारा ताणत बसला होता. ह्यांनी ठोकळा त्याच्यासमोर ठेवला. "शेपटीत होता. मीच विसरलो होतो. आणि चोर तुला ठरवलं, वहीत लिहून. माझं चुकलं."

काडीने खोळीवरून हात फिरवला. "तीन वर्षं मला वाटायचं भाऊजी, खरंच माझ्याच हातून कुठे पडला की काय."

हे म्हणाले, "मागच्या सीटवर तू बस. तुझा हक्क आहे."

काडीने पहिल्यांदा त्यांच्याकडे नीट बघितलं. "तुम्ही एवढे वाळलात कशाने? ताई, जेवायला देत नाहीस का ह्यांना?"

मी हसत सुटले, डोळे पुसत.

तपासनीस बाईंनी विमानाचं परत वजन केलं आणि मागच्या सीटसाठी कागदावर लिहिलं, चौऱ्याहत्तर. हे एकोणसत्तरवर आले होते. "पाच किलो फुकट गेले माझे," म्हणून कुरकुरले.

उड्डाणाच्या सकाळी काडी सीटवर बसायला तयारच नव्हता. "मी खाली बरा. मोजायला कोणीतरी हवं." त्याने वही घेतली आणि एकेक खोळ उचलत मोजलं. एकोणीस.

ह्यांचा एक पाय पंखावर होता. तिथूनच म्हणाले, "परत मोज."

काडीने परत मोजलं. "एकोणीस, भाऊजी. बसा आता."

विमान धावलं, उचललं गेलं, झाडांवरून वळलं. आम्ही दोघं मान वर करून उभे राहिलो. वीस मिनिटं फार लांब असतात. काडी म्हणाला, "भाऊजी जन्मभर असेच उभे राहिले असतील, नाही?"

खाली उतरल्यावर हे नुसतेच हसत होते, गाल ओले. कॅप्टननी पाठ थोपटली. मग त्यांनी वही मागितली, तीन वर्षांपूर्वीचं पान काढलं, ती ओळ खोडली आणि खाली लिहिलं, 'ठोकळा : माझ्याकडून राहिला. आज मेहुण्याने मोजला.'

वही काडीच्या हातात दिली आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "चला घरी. आज आम्हा दोघांना पोटभर वाढ."