टोळीच्या वतीने

माझी सून उज्वला नर्स आहे. कामोठ्याच्या एका हॉस्पिटलात ड्युटी सांभाळून ती पुढचं शिक्षण घेत होती आणि त्यासाठी तिला एक प्रबंध लिहायचा होता. विषय तिने आमच्या घरातलाच निवडला. बाजारात पोती वाहणाऱ्या माथाडी कामगारांची कंबर आणि गुडघे किती दुखतात, हा. मी स्वतः तीस वर्षं वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात पोती वाहिली, त्यातली अठरा वर्षं टोळीचा मुकादम म्हणून. विषय ऐकून मला हसू आलं होतं. कंबर दुखते हे सांगायला कॉलेज कशाला?

"दुखतं हे सगळ्यांना माहीत आहे, आप्पा," ती म्हणाली. "पण किती जणांचं, किती आणि कधीपासून, हे मोजलेलं नाही. मोजलं नाही तर कुणी ऐकत पण नाही."

मोजायचं कसं, हे तिलाही येत नव्हतं. तिच्या वर्गातल्या मुली आकड्यांचं काम बाहेरून करून घेत. उज्वलाने इंटरनेटवर फुकटचे धडे शोधले. एका सरकारी कोर्सात नाव घातलं, एका प्राध्यापकांचे हिंदीतले व्हिडिओ मिळवले, आकडे मांडायचं सॉफ्टवेअरसुद्धा फुकटातलं उतरवून घेतलं. दुपारी ड्युटीवरून आली की फोन मिक्सरला टेकवून ठेवायची आणि भाजी चिरता चिरता ऐकायची. मी शेजारी शेंगा सोलत बसायचो. मला अक्षरओळख झाली बावन्नाव्या वर्षी, साक्षरतेच्या वर्गात. तेव्हापासून कुणी काही शिकवत असलं की माझ्याने तिथून उठवत नाही. सरासरी कशी काढतात ते मी त्या ओट्याशेजारी शिकलो.

फळ मार्केटातल्या साठ माणसांचे फॉर्म तिने स्वतः फिरून भरले. माझ्या जुन्या टोळीचं मात्र मी अंगावर घेतलं. "आमची माणसं बाईमाणसाशी मोकळं बोलायची नाहीत. दे इकडे फॉर्म. अठ्ठावीस जण तर आहेत."

"एकेकाला बाजूला घ्यायचं, आप्पा. दुसऱ्याच्या समोर विचारायचं नाही. आणि तो सांगेल तेच लिहायचं, आपल्या मनाचं नाही."

मी मान डोलावली.

आमच्या बाजारात माणूस एकटा बोलत नाही. टोळीच्या वतीने मुकादम बोलतो. व्यापाऱ्याशी तोच, माथाडी बोर्डाच्या साहेबाशी तोच, तपासणीला आलेल्या डॉक्टरशीसुद्धा तोच. टोळी कशी आहे? एकदम ठणठणीत, साहेब. कुणी दुखतं म्हणाला की त्याच्या वाट्याची पोती दुसऱ्याच्या पाठीवर जातात आणि चार दिवसांत त्याला टोळीतून काढायची भाषा सुरू होते. म्हणून कुणी म्हणत नाही, आणि मुकादमाने तर म्हणायचंच नसतं. मी अठरा वर्षं 'ठणठणीत' म्हणत आलो. माणसं सांभाळणं ते हेच, असं मला वाटायचं.

मी गेलो त्या सकाळी गाड्या लागल्या होत्या. आताचा मुकादम बाबासो पाठीवरची गोणी न उतरवताच म्हणाला, "आप्पा, तुमीच भरा की. तुमाला काय म्हाईत न्हाई आमचं? सह्या घ्या, अंगठे घ्या, आन् हाना टिका."

सह्या आणि अंगठे त्यांचे. बाकीचं सगळं मी तीन सकाळी गाळ्याच्या पायरीवर बसून टपोऱ्या अक्षरात भरलं. येणारा-जाणारा हमाल थांबून बघायचा. "मुकादम लिवत्यात!" मला ते आवडत होतं.

कंबर किती दुखते, शून्य ते दहा, या प्रश्नापुढे मी दोन लिहिले. सगळ्यांच्याच. मग सगळीकडे दोन बरे दिसत नाहीत म्हणून मधूनमधून एक, मधूनमधून तीन. माझी सबब इथेच संपते. रीत म्हणून भरले असते तर दोनच लिहून गप्प बसलो असतो. तीन लिहिताना मला पुरतं कळत होतं.

उज्वलाने फॉर्म चाळले आणि म्हणाली, "अक्षर किती सुंदर आहे आप्पा!"

आठवड्याने तिने मला लॅपटॉपसमोर बोलावलं. नव्या धड्यात आलेख काढायला शिकवलं होतं. पडद्यावर प्रत्येक माणसाचा एक ठिपका. फळ मार्केटातले साठ ठिपके पसरलेले, कुणी चारवर, कुणी आठवर, एक जण दहावर. माझे अठ्ठावीस खाली कोपऱ्यात एकमेकांना चिकटून बसले होते.

"माझंच टाइप करताना काहीतरी चुकलंय," ती म्हणाली.

सुट्टीचे दोन दिवस ती सगळे फॉर्म पुन्हा टाइप करत बसली. मी तिला दोनदा चहा करून दिला. ठिपके हलले नाहीत.

मग ती पुढचा धडा ऐकत होती. प्राध्यापक सांगत होते की माहिती गोळा करणाऱ्याने घरी बसून फॉर्म भरले तर उत्तरं अशी एका जागी साचतात, आणि वेगळेपणा दाखवायला माणूस थोडी इकडेतिकडे करतो, तीही ठरावीक. उज्वला हसली. "असली पण माणसं असतात बघा, आप्पा." आणि तिने व्हिडिओ पुढे सरकवला. मी पुढची शेंग सोलली. तेव्हा सांगायला हवं होतं. घरात आम्ही दोघंच होतो.

तिच्या गाइड राजलक्ष्मी मॅडम. आलेख बघून त्यांनी तिला सरळ विचारलं, हे अठ्ठावीस तू बनवलेस का? प्रकरण कमिटीपुढे गेलं तर प्रबंध रद्द आणि दोन वर्षं वाया. उज्वला घरी आली तेव्हा चेहरा उतरलेला होता, पण आवाज ठाम होता. "मी म्हटलं, माझ्या सासऱ्यांनी स्वतः भरून आणलेत, ते मुकादम होते, शंकेला जागाच नाही. आप्पा, उद्या येऊन एवढं सांगाल का मॅडमना? टेन्शन घेऊ नका, पाच मिनिटांचं काम आहे."

मी इस्त्रीचा सदरा घालून गेलो.

मॅडमनी खुर्ची दिली, पाणी दिलं. "काका, या माणसांना तुम्ही स्वतः विचारलंत?"

"हो."

"प्रत्येकाला वेगवेगळं?"

"हो." टोळी कशी आहे विचारल्यावर तोंडातून 'ठणठणीत' जायचं, तसंच ते गेलं. उज्वलाने सुटकेचा श्वास सोडला आणि माझ्याकडे बघून हसली.

खाली कॅन्टीनच्या बाकावर तिने माझ्यापुढे इडली ठेवली. "प्रबंधाच्या पहिल्या पानावर आभार असतात ना, त्यात पहिलं नाव तुमचं. विश्वजितला राग आला तर येऊ दे, नवऱ्याचं नाव दुसरं."

"उज्वला," मी म्हणालो, "मी कुणाला विचारलं नाही."

तिला आधी कळलंच नाही. मग मी सगळं सांगितलं. पायरी, टिका, मधूनमधून लिहिलेले तीन.

रागावली असती तर सोपं गेलं असतं. ती एवढंच म्हणाली, "मी दोन दिवस ते पुन्हा टाइप करत होते. तुम्ही मला चहा आणून देत होतात, आप्पा."

मग उठली आणि जिना चढायला लागली. मी मागून गेलो. केबिनच्या दाराशी थांबून तिने विचारलं, "तुम्ही सांगताय की मी सांगू?"

मी सांगितलं. या वेळी खुर्चीवर बसलो नाही. मॅडम सासऱ्याच्या वयाच्या माणसाला काय बोलणार? त्या उज्वलाशीच बोलल्या, आणि मी भिंतीपाशी उभा राहून ऐकलं. अठ्ठावीस फॉर्म बाद. तीन महिने वाढवून मिळतील. आणि प्रबंधात लिहायचं की हे फॉर्म का बाद झाले. "नाव नको घालूस. पण माहिती गोळा करणारी व्यक्ती टोळीची माजी मुकादम होती आणि तिने उत्तरं स्वतः भरली, हे स्पष्ट येऊ दे." ते पान कॉलेजच्या लायब्ररीत राहणार आहे.

महिन्याभराने उज्वला स्वतः मार्केटात आली. बाबासोने तिला गाळ्यावरच्या पोटमाळ्यात खुर्ची टाकून दिली. तिची अट एकच होती, आप्पांनी वर यायचं नाही, जिन्याजवळही थांबायचं नाही. मी समोरच्या बटाट्याच्या थप्पीवर जाऊन बसलो.

"काय मुकादम, तुमालाच भाईर बशिवलं व्हय?" बाबासो ओरडला. "सूनबाय कडक हाय!" सगळे हसले. त्यांना माझी करणी ठाऊक होती, पण त्यांच्या लेखी त्यात वावगं काहीच नव्हतं.

माणसं एकेक करून वर जात होती. मला वाटलं होतं, दोन मिनिटांत खाली येतील. बाईसमोर काय बोलणार? पहिला वीस मिनिटं आला नाही. दुसरा त्याहून जास्त.

दुपारी सिताराम वर गेला. जावळी तालुक्यातला, माझ्याच शेजारच्या गावचा. चोवीस वर्षं आम्ही एका थप्पीला काम केलं, एका डब्यात जेवलो. त्याच्या फॉर्मवर मी कंबरेपुढे दोन आणि गुडघ्यापुढे एक लिहिला होता. तो मी विचार न करता लिहिला होता, सिताराम म्हणजे लोखंड म्हणून.

पाऊण तासाने पोटमाळ्याचं दार उघडलं. सितारामने आधी दोन्ही हातांनी कठडा धरला. मग अंग आडवं केलं, एक पाय खालच्या पायरीवर ठेवला, दुसरा त्याच्या शेजारी आणला, आणि थांबला. मग पुढची पायरी. मुकादम नेहमी पुढे चालतो. मी त्याला असा उतरताना कधी बघितलाच नव्हता.

अट विसरून मी जिन्याशी गेलो. "सितारामा, काय सांगितलंस रे?"

"तुला सांगायचं न्हाई म्हणली ती." शेवटच्या तीन पायऱ्यांना कठडा नव्हता. तिथे तो थांबला, घामाघूम. "आता बगतोस काय? हात दे की."

मी हात दिला. तो माझ्यावर भार टाकून एकेक पायरी उतरला, आणि तोवर मी खाली फरशीकडे बघत राहिलो.